सात नंबर गळते

विंकोने बूट काढले, पायरीशी जोडून ठेवले, आणि ब्रेडाशी टायरांबद्दल काहीतरी बोलता बोलताच वाकून डावा हात कॅराव्हॅनच्या दारातून आत घातला. दाराशेजारच्या बाकाखाली एक तपकिरी फळी होती. तिची खालची कड त्याने बोटांनी जराशी दाबली. फळी वर उचलली गेली आणि त्याच्या हातात सपातांचे दोन जोड आले. एक त्याने आपल्या पायांपुढे टाकला, एक ब्रेडाच्या. "टायर तर नवेच दिसतात," तो म्हणाला. आणि मग त्याचा हात तसाच, फळीवर, थांबला.

ब्रेडाचा एक बूट निघाला होता, दुसरा निघायचा होता. मोज्यातला पाय तिने ओल्या गवतापासून वर धरला होता. तो तसाच वर राहिला. त्या फळीला मूठ नव्हती, कडी नव्हती, फटसुद्धा नव्हती. बाकाखाली तशाच तीन फळ्या होत्या, एकसारख्या. तिला कोणी तासभर शोधायला लावलं असतं तरी ती उघडते हे कळलं नसतं. आणि हा माणूस रोज सकाळी स्वयंपाकघरात उभा राहून विचारतो, मीठ कुठे आहे? त्रेचाळीस वर्षं मीठ एकाच जागी आहे. सपाता पायात घालून ती आत चढली. परक्या घरात सपाता न घालता कोण जातं, लहानपणापासून पायांना दुसरं काही माहीतच नाही. त्या सपाता जुन्या, राखाडी, लोकरीच्या होत्या, आणि तिच्या पायांना थंड लागल्या.

पण तिला जास्त लागलं ते दुसरंच. मालकीणबाई मागेच उभ्या होत्या, हातात किल्ल्या घेऊन. रोझिका त्यांचं नाव. साठीच्या आतबाहेरच्या, फ्रांचेक नावाचा नवरा जाऊन दोन हिवाळे झालेले, एकट्याने एवढा द्राक्षमळा सांभाळणाऱ्या. कोणी अनोळखी माणूस तुमच्या घरातल्या लपलेल्या कप्प्यात सरळ हात घालतो, तर तुम्ही निदान "अगंबाई" तरी म्हणाल. "तुम्हाला कसं कळलं?" म्हणून हसाल. रोझिका हसल्या नाहीत. त्या टेकडीवरच्या मळ्याकडे बघत होत्या, जणू तिकडे कोणी हाक मारली आहे. बऱ्याच वेळाने, फारच वेळाने, त्या म्हणाल्या, "हो हो, पाहुण्यांच्याच आहेत त्या. घाला."

जाहिरात ब्रेडानेच शोधली होती, याची तिने स्वतःला आठवण करून दिली. पेपरात, मंगळवारी. फोनही तिनेच केला. विंकोला तिने फक्त गावाचं नाव सांगितलं होतं, आणि तो गाडी चालवत आला होता, मारिबोरपासून तासभर, वळणावळणाच्या रस्त्याने, रेडिओवरच्या अकॉर्डियनवर बोटांनी ताल धरत. म्हणजे त्याला माहीत नव्हतं. फाटकातून आत येईपर्यंत नव्हतं. फाटकात त्याने हात पुढे केला होता, "विंको", आणि बाईंनी "रोझिका", आणि दोघांनी हात मिळवले होते, जरा कमीच वेळ. ब्रेडाला तेव्हा वाटलं होतं, बाईंचे हात ओले असतील. आता ती तो हात पुन्हापुन्हा बघत होती. किती वेळ? कोणी आधी सोडला?

"काय गं, बघायचं ना?" विंको म्हणाला. "ओल बघ. तुझ्या भावाने सांगितलंय ना ओल बघायला."

द्रागोने सांगितलं होतं खरं. तिच्या भावाने आजवर दोन कॅराव्हॅन घेतल्या आणि विकल्या, आणि काल फोनवर अर्धा तास तिला शिकवलं होतं. रंगाकडे बघू नकोस, रंग कोणीही देतो. पडद्यांकडे तर बघूच नकोस. अंगठा घे आणि भिंत दाब. चारी कोपरे, खिडकीखाली, छताच्या झरोक्याभोवती, पलंगाच्या डोक्याशी, कपाटाच्या आत. भिंत कडक लागली तर चांगली. अंगठ्याखाली पावासारखी दबली तर चहाही न पिता निघून ये, आतून कुजलेली असते. आणि नाक वापर ताई, नाक. ती हसली होती. सबंध तरुणपण सूतगिरणीत कापसाचा धुरळा हुंगलेलं नाक ते.

तिने कोपऱ्यापासून सुरुवात केली. अंगठा दाबला. कडक. दाबताना तिची नजर उघड्या दारावर गेली. दाराचं पान बाहेर उघडून भिंतीला टेकलं होतं आणि उन्हाचा एक तिरपा पट्टा त्यावर पडला होता. पांढऱ्या रंगाखाली, उन्हामुळेच दिसला, एक आकडा उठून आला होता. ब्रशाने जाड काढलेला, आडवी दांडी मारलेला सात.

तिला तो ओळखायला वेळ लागला नाही. असे आकडे गिरणीच्या सगळ्या कॅराव्हॅनांवर होते, एक ते चौदा. कामगारांच्या सुट्टीसाठी त्या पोरेचच्या अलीकडे, समुद्राकाठी, पाइनच्या झाडांखाली, दोन रांगांत उभ्या असायच्या. जुलै-ऑगस्टात प्रत्येक कुटुंबाला दहा दिवस. त्या दहा दिवसांसाठी ब्रेडा उरलेले तीनशे पंचावन्न दिवस यंत्रांच्या आवाजात उभी राहू शकायची. पहाटे सगळे झोपलेले असताना ती एकटी पाण्यात उतरायची, मानेपर्यंत, आणि नुसती उभी राहायची. पोहायचं नाही, काही नाही. कानात यंत्रांचा आवाज नसतो म्हणजे काय, हे तिला त्या पाण्यात कळलं. मग ब्याण्णव साल आलं, गिरणी बुडाली, देश फुटून मध्ये सरहद्द आली, कॅराव्हॅन कोणीकोणी विकत घेऊन ओढत नेल्या, आणि समुद्र संपला. त्यानंतर सत्तावीस वर्षांत दोनदा. एकदा मुलीच्या, अलेंकाच्या, लग्नानंतर, एकदा कोणाच्या तरी मयताला. आता गुडघे अजून आहेत, डोळे आहेत, दहा एक उन्हाळे असतील. तेवढ्यासाठी तिला ही कॅराव्हॅन हवी होती. हवी होती म्हणजे, रात्री अंथरुणात पडल्यावर ती तिच्यात पडदे लावायची.

आणि सात नंबर. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये कँटीनमध्ये युनियनच्या सेक्रेटरीने वाटप वाचून दाखवलं होतं. त्यांना सात आली होती. पहिल्या रांगेतली! दार उघडलं की समुद्र. बायकांनी तिच्या पाठीवर थापा मारल्या होत्या. त्याच संध्याकाळी विंको घरी येऊन म्हणाला, बदलून घेतली, चार नंबर घेतला. चार म्हणजे मागची रांग, संडासांजवळ. का रे? "सात नंबर गळते. मेमध्ये मी स्वतः बघितलंय. एक पाऊस आला की पोरीचं अंथरूण भिजेल." अलेंका तेव्हा चार वर्षांची, सारखी खोकणारी. दर मे महिन्यात विंको गिरणीचा सुतार म्हणून हंगामाआधी दहा दिवस तिकडे जायचा, एक वायरमन, एक नळवाला आणि तो, कॅराव्हॅन उघडायला, दुरुस्त करायला. त्याला माहीत असणारच. ब्रेडाने त्याचे आभार मानले होते. आता आठवलं की गाल तापतात, पण तिने खरंच आभार मानले होते. एवढंच नाही, तिकडे धुण्याच्या टाक्यांवर कपडे पिळताना तिने बायकांना सांगितलं होतं, माझा नवरा बघा, पोरीचा खोकला त्याच्या ध्यानात असतो.

तिने खिडकीखाली अंगठा दाबला. कडक. दुसरी खिडकी. कडक. छताचा झरोका, बाकावर चढून. कडक, कोरडा, रबराची पट्टी तेवढी म्हातारी झालेली. कपाट उघडून तिने डोकं आत घातलं. वास साबणाचा, जुन्या लाकडाचा, थोडासा लव्हेंडरचा. ओलीचा नाही. द्रागो असता तर खूश होऊन शिटी वाजवली असती. ती मात्र जास्त जोरात दाबू लागली. कुठेतरी असेल. पस्तीस वर्षांची कॅराव्हॅन, कुठेतरी एक मऊ जागा असेलच, एक पिवळा डाग, एक फुगलेला कोपरा, जो दाबला की अंगठा आत जाईल आणि ती म्हणेल, हं, बघा, गळते! आणि मग सगळं पुन्हा जागच्या जागी बसेल. विकत घेणारी कोणी बाई ओल सापडावी म्हणून अशी तडफडली नसेल.

"दाबा, दाबा," दारातून रोझिका म्हणाल्या. "कणीक मळता तशा दाबा. पस्तीस वर्षांत एक थेंब आला नाही आत. माझा फ्रांचेक म्हणायचा, घराच्या छपरापेक्षा हिचं छप्पर बरं."

"एक थेंबही नाही?" ब्रेडाने विचारलं.

"देवाशपथ नाही."

"आधीच्या मालकाकडेही नाही?"

रोझिकांनी किल्ल्यांची जुडी या हातातून त्या हातात घेतली. "आधी गिरणीची होती. आम्ही ब्याण्णवला घेतली. तेव्हाही कोरडीच होती."

विंको गुडघ्यावर बसून शेगडीखालची गॅसची नळी बघत होता. ती नळी त्याने चार वेळा बघितली होती. ब्रेडा त्याच्या मानेकडे बघत राहिली. न्हाव्याने परवाच केस कापले होते, मान लाल आणि लहान मुलासारखी दिसत होती. मेमधून परत यायचा तेव्हा ही मान काळी झालेली असायची, बाही जिथे संपते तिथपर्यंत हात काळे, आणि पिशवीत खारवलेल्या माशांची बरणी. एका वर्षी एक लव्हेंडरची पुरचुंडी होती. जांभळ्या रिबिनीची. "बाजारात मिळाली," म्हणाला होता. तिने ती चादरींच्या कपाटात ठेवली, सहा वर्षं ठेवली, वास गेला तरी ठेवली.

"विंको, पलंगावरचा दिवा लाव बघू," ती म्हणाली.

तो उठला. दिव्याचं बटण पलंगाच्या डोक्याशी होतं, भलंमोठं, पिवळं, आंधळ्यालाही दिसेल असं. विंकोने उजवीकडच्या भिंतीवर हात फिरवला. मग खिडकीजवळ. मग पडदा बाजूला केला. "कुठे असतं बुवा यांचं बटण," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा मोठा होता, नाटकातल्यासारखा.

ब्रेडाने खाली बघितलं. त्या फळीचं अजून काहीतरी कारण निघालं असतं. गिरणीचा सुतार होता, चौदा कॅराव्हॅन दुरुस्त केल्या, कुठल्या कॅराव्हॅनमध्ये कुठला कप्पा आहे हे हातांना माहीत असू शकतं. ती स्वतःच हे त्याच्यासाठी रचत होती, वकिलासारखी, आणि तो जर हसून म्हणाला असता, अगं ही आपली सात नंबर, तर तिने तेवढ्यावर सोडलं असतं, कदाचित. पण तो बटण शोधत होता. ज्या हाताला न बघता फळी सापडली तो हात पिवळं बटण शोधत होता. 

मग ती बाकाशी बसली आणि तिने ती फळी स्वतः दाबून उघडली. आतला खण दोन हात लांब होता. सपातांचे आणखी तीन जोड, एक लहान मुलाचा. तिने सपाता बाहेर काढल्या आणि बोट आतल्या कोपऱ्यावर फिरवलं. खिळा नव्हता. कोपरे लाकडाच्या दातात दात घालून बसवले होते, एका मापाचे दात, दुधाच्या दातांसारखे, त्यांच्यामध्ये नखही जात नव्हतं. चारी कोपरे तसेच. आत, जिथे कोणी कधी बघणार नाही, तिथेही लाकूड घासून गुळगुळीत केलेलं होतं. हे काम गिरणीच्या वेळेतलं नव्हतं. गिरणीच्या वेळेत विंको खिळे ठोकायचा. असं काम करायला संध्याकाळ लागते, एकामागून एक अशा बऱ्याच संध्याकाळी लागतात, आणि शेजारी बसून कोणीतरी बघत असावं लागतं.

तिच्या घराच्या दारात सपातांचा ढीग असतो. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. पाहुणे येतात, वाकतात, ढिगातून डावी-उजवी जुळवत बसतात, हसतात, "सुताराचं घर!" म्हणतात. पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, विंको, एक साधा खोका कर. पुढच्या आठवड्यात. अलेंका झाली तेव्हा म्हणाली. तिची आई आजारी पडून घरात राहायला आली आणि ढिगाला अडखळून पडली तेव्हा म्हणाली. पुढच्या आठवड्यात. मग ती म्हणायची थांबली. माणसाला नसेल घरी पुन्हा रंधा धरावासा वाटत, दिवसभर तेच करून, असं तिने त्याच्याच वतीने स्वतःला समजावलं. आता त्या कोपऱ्यावर बोट ठेवून बसल्यावर तिला पलंगाचं काही वाटेना. शेजारीच तो पलंग होता, फुलाफुलांची चादर घातलेला, आणि तिला तिकडे बघायचं भय वाटेल असं वाटलं होतं. पण ती बघू शकत होती. पलंग पलंग होता. खणाकडे मात्र बघवत नव्हतं.

"चला, बाहेर बसू," रोझिका म्हणाल्या. "गिबानित्सा गरम आहे. व्यवहार उपाशीपोटी करत नाहीत."

अक्रोडाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. चीज आणि खसखशीच्या थरांची गिबानित्सा, नाशपातीची घरची दारू, तीन छोटे ग्लास. ब्रेडाने बूट घातले. विंकोनेही घातले, नाडी बांधायला नको तेवढा वेळ लावला. पाऊस सकाळीच पडून गेला होता, अंगणात चिखल होता, कोंबड्या त्यात ठसे उमटवत फिरत होत्या. रोझिकांनी तुकडे कापले. विंकोला त्यांनी कडेचा दिला, जरा जळालेला, आणि ब्रेडाला मधला. घरी विंको कडेचाच तुकडा मागतो. ब्रेडाने तो तुकडा ताटलीत पडताना बघितला आणि आपला ग्लास एका दमात रिकामा केला.

"मग?" रोझिका म्हणाल्या. "कशी वाटली?"

"चांगली आहे," ब्रेडा म्हणाली. "पण किंमत कमी करावी लागेल. गळते ती."

"काय?" रोझिकांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही स्वतः अंगठ्याने भोकं पाडलीत सगळीकडे! कुठे मऊ लागली? दाखवा मला. चला, आत्ता दाखवा!"

"मला नाही लागली. पण माझा नवरा सुतार आहे, त्याला जास्त कळतं. गिरणीचा सुतार. त्याने सांगितलंय, सात नंबर गळते."

 विंकोने काटा खाली ठेवला. "ब्रेडा," तो म्हणाला.

"कधी सांगितलं?" रोझिकांनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

"अठ्ठ्याऐंशीत. आम्हाला मिळाली होती ती, पहिल्या रांगेत. त्याने बदलून घेतली. पोरगी भिजेल म्हणाला."

रोझिका ब्रेडाकडे बघत नव्हत्या. त्या विंकोकडे बघत होत्या, आणि ब्रेडाला त्या चेहऱ्यावर आपलाच चेहरा दिसला, मघाचा, खणावर वाकलेला. ती कॅराव्हॅन त्यांनी मागून घेतली होती, चौदातून हीच. नव्या नवऱ्याला सांगून, सरहद्दीवरून ओढून आणून, रंग देऊन, सत्तावीस वर्षं कोरडी ठेवून. आणि हा माणूस घरी जाऊन सांगत होता की ती गळते.

"मी तेव्हा कॅम्पाच्या स्वयंपाकघरात होते," रोझिका म्हणाल्या. त्या अजून विंकोकडेच बघत होत्या. "मी विचारलं होतं तुला. बायकोला घेऊन का येत नाहीस मेमध्ये, म्हटलं होतं, कोणी नसतं तेव्हा, किती छान असतं. तू म्हणालास, तिला समुद्र आवडत नाही. पाण्याची शिसारी आहे तिला, म्हणालास."

 विंकोच्या हनुवटीला खसखस चिकटली होती. इतर कुठल्याही दिवशी ब्रेडाने हात लांब करून ती झटकली असती.

तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे पहाटेचं पाणी आलं, मानेपर्यंतचं, हिरवं, आणि त्यात उभी असलेली एक बाई, पस्तिशीची, कानांत काहीही आवाज नसलेली. मागच्या रांगेतून, संडासांवरून, धुण्याच्या टाक्यांवरून चालत ती तिथपर्यंत यायची, दोनशे पावलं. सात नंबरच्या दारावरून जायची. तिला कोणी घेतलंच नव्हतं त्या सगळ्यात. भांडायला, फसवायलासुद्धा नाही. त्या दोघांच्या मे महिन्यात ब्रेडा नावाची एक वेगळीच बाई होती, पाण्याला भिणारी, आणि त्या बाईवर कोणाला जळावंसं वाटलं नसतं.

"घेते मी," ती म्हणाली. "तुमच्या किमतीला. कागद आणा."

"ब्रेडा, घरी जाऊन बोलू," विंको म्हणाला. "विचार करू."

"तू कशाला विचार करतोस? तुला गळकी कॅराव्हॅन चालायची नाही. द्रागो येईल शनिवारी ओढून न्यायला. जून, जुलै, ऑगस्ट मी पोरेचला. तू घरी राहा. तुला काम आहे."

"कसलं काम?"

"दारात सपातांचा ढीग आहे."

रोझिका कागद आणायला आत गेल्या. जाताना त्यांनी विंकोची ताटली उचलली, तुकडा अर्धा शिल्लक असताना. विंको टेबलाच्या लाकडावर बोट ओढत बसला. "फक्त तीन वर्षं चाललं ते," तो हळूच म्हणाला. "तीन मे. नंतर काहीच नाही. शपथेवर सांगतो."

"कोपरे फार सुंदर केलेस," ब्रेडा म्हणाली, आणि उठली.

चिखलातून ती सरळ कॅराव्हॅनकडे गेली. पायरी चढली. बूट काढले नाहीत. उभ्या आयुष्यात ती कोणाच्या घरात बूट घालून शिरली नव्हती, आग लागली असती तरी बहुतेक काढले असते. धुतलेल्या, पिवळसर लिनोलियमवर तिच्या पावलांचे काळे ठसे उमटले, एक, दोन, तीन, बाकापासून पलंगापर्यंत. बाहेरून विंकोचा आवाज आला, त्रेचाळीस वर्षांच्या सवयीचा, घाबरलेला. "ब्रेडा! बूट!"

ती पलंगावर बसली, पाय खाली सोडून. पिवळं बटण दाबून दिवा लावला. मग डोक्याशी, जिथे दोन भिंती मिळतात आणि पाऊस आधी शिरतो, तिथे तिने पुन्हा एकदा अंगठा टेकवला आणि सगळा जोर लावून दाबला. भिंत खडखडीत कोरडी होती. अंगठा दुखेपर्यंत ती दाबत राहिली.